चाळीस दिवस सरले, पुढचं कोण ठरवणार?

बाळ जन्माला आलं की आपल्या घरात कामांची वाटणी आपोआप होते. कानात अजान कोण देणार, खजूर कोण चाटवणार, सातव्या दिवशीचा अकीका इथं करायचा की गावी, नाव दादीनं सुचवलेलं ठेवायचं की नानाच्या मनातलं, डिंकाचे लाडू कुणी वळायचे, मालिशवाली किती दिवस लावायची, या सगळ्यावर बोलणं होतं. क्वचित रुसवेफुगवेही होतात. पण पुढचं मूल कधी, हा विषय कुणी काढत नाही. फार तर चाळिसाव्या दिवसाचं नहाण झालं, लेकीला सासरी पाठवायची वेळ आली, की तिची बॅग भरता भरता अम्मी कानाशी येऊन सांगते, "जपून राहा गं." कसं जपायचं, हे तिलाही तिच्या अम्मीनं कधी सांगितलेलं नसतं.

शिक्षिका म्हणून मला या "जपून राहा"चा परिणाम हजेरीपटावर दिसतो. पाचवी-सहावीतली चुणचुणीत मुलगी आधी आठवड्यातून एकदा गैरहजर राहते, मग दोनदा, मग सलग. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: घरी बाळ आहे, अम्मीला बरं नाही. पालकसभेला आई येते तेव्हा एक मूल कडेवर, एक ओढणीला धरलेलं, आणि चेहरा पांढरा फटक. हजेरीपटात "गै" लिहायला रकाना आहे, कारण लिहायला नाही. अशाच एका आईनं सभा संपल्यावर मागं थांबून मला विचारलं होतं, "टीचर, मला तर पाळी आलीच नव्हती. मग दिवस राहिलेच कसे?"

हा प्रश्न भाबडा वाटेल, पण तो कोल्हापुरातल्या पदवीधर मुलीही विचारतात. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली ज्या शहरात मुस्लिम बोर्डिंग सुरू केलं, तिथं आज आपल्या मुली डी. फार्म., बी. एड., इंजिनिअरिंग करताहेत. तरीही आपल्याच शरीराचं हे साधं गणित त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून आधी तेच सांगते.

पाळी ही आधी येत नाही, शेवटी येते. आधी बीजांडकोशातून बीज बाहेर पडतं, त्याचा गर्भ झाला नाही तर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते. म्हणजे बाळंतपणानंतरची पहिली पाळी दिसायच्या आधीच एक बीज येऊन गेलेलं असू शकतं, आणि त्या वेळी संबंध आला तर पाळी न येताच दिवस राहतात. बाळाला वरचं दूध सुरू असेल तर हे बीज बाळंतपणानंतर चार आठवड्यांतही तयार होऊ शकतं. म्हणून डॉक्टर तीन आठवड्यांनंतरचा काळ सुरक्षित धरत नाहीत. चिल्ला उतरायच्या आधीच शरीर तयार झालेलं असू शकतं, हे लक्षात घ्या.

"पण अंगावर पाजत असलं की दिवस राहत नाहीत," असं आपल्या नानी-दादी सांगत आल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. अंगावर पाजण्यानं बीज तयार होणं थांबतं खरं, मात्र तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या तरच त्यावर विसंबता येतं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. त्याला फक्त आईचं दूध हवं, दिवसाही आणि रात्रीही. घुटी, मध, पाणी, गाईचं दूध, पावडर यांपैकी काही नाही. आणि पाळी एकदाही आलेली नको. या तिन्ही अटी पाळल्या तर शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी सुरक्षित राहतात. एक अट मोडली की त्या दिवसापासून दुसरा उपाय हवा. आपल्याकडे होतं काय, की बाळ रात्री झोपावं म्हणून वाटीभर वरचं दूध दिलं जातं, आईला वाटतं मी तर पाजतेच आहे, आणि भरवसा मात्र जुनाच चालू राहतो.

दोन मुलांत अंतर किती असावं? जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं, की एक मूल जन्मल्यावर पुढची गर्भधारणा किमान २४ महिन्यांनी व्हावी. पुढची गर्भधारणा म्हणजे पुढचं बाळंतपण नव्हे. त्यात नऊ महिने मिळवले तर दोन भावंडांत पावणेतीन वर्षांचं अंतर पडतं. आता कुरआन उघडून सूरह अल-बकराची २३३ वी आयत वाचा. आईनं बाळाला पूर्ण दोन वर्षं दूध पाजावं, हा उल्लेख तिथं आहे. २४ महिने. सूरह लुकमानमध्येही दूध तोडण्यासाठी दोन वर्षांचाच काळ आला आहे. मी काही आलिमा नाही, आणि विज्ञान धर्मग्रंथातून सिद्ध करून दाखवण्याचा मला सोसही नाही. पण ज्या बाळाला दोन वर्षं आईचं दूध मिळावं असं आपण मानतो, त्याच्या तोंडचं दूध आठव्या महिन्यात तुटतं तेव्हा कुणाला काहीच खटकत नाही, याचं मला नवल वाटतं.

आईच्या बाजूनं पाहिलं तर कारणं आणखी ठळक आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. अशा आईच्या शरीरातला साठा एका बाळंतपणानं रिकामा होतो. तो भरायच्या आत दुसरं बाळ आलं की ते अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं होण्याचा धोका वाढतो. पहिलं बाळंतपण सिझेरियनचं असेल तर गर्भाशयावरची शिवण भरून यायला वेळ लागतो, आणि फार लवकर दिवस राहिले तर कळांच्या वेळी ती जागा फाटण्याची भीती असते. हल्ली आपल्या ओळखीत सिझेरियन न झालेली आई शोधावी लागते, तेव्हा ही गोष्ट घरातल्या प्रत्येकानं ऐकून ठेवावी अशी आहे.

मग अडतं कुठं? दोन ठिकाणी. एक, हे इस्लामला मंजूर नाही अशी समजूत. दुसरी, सरकारची भीती. दोन्हींकडे नीट बघायला हवं.

प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात अझ्ल, म्हणजे वीर्य बाहेर टाकण्याची पद्धत, सहाबांना माहीत होती. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. कुरआन उतरत होतं त्या काळात आम्ही अझ्ल करत असू, असा तिचा आशय. त्यावरून बहुतेक फकीहांनी अझ्ल जायज ठरवला, आणि हनफी फिकहमध्ये त्याला एक अट घातली, ती म्हणजे बायकोची संमती. नवऱ्याची नव्हे, बायकोची. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा वाचायला सांगते. इमाम गजालींनी तर नऊशे वर्षांपूर्वी "इह्या उलूमिद्दीन"च्या निकाहविषयक भागात यावर सविस्तर लिहिलं आहे. बाळंतपणाच्या धोक्यापासून बायकोचा जीव जपणं, तिचं रूप-आरोग्य टिकवणं, मुलं फार झाली तर होणारी ओढाताण टाळणं, ही कारणं त्यांनी गैर मानली नाहीत. अझ्ल म्हणजे जन्मलेल्या जिवाची हत्या नव्हे, हा फरकही त्यांनी केला. १९५८ ते १९६३ या काळात कैरोच्या अल-अजहरचे प्रमुख असलेले शेख महमूद शलतूत यांनीही दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी तात्पुरते उपाय करायला मुभा असल्याचं सांगितलं.

सूरह बनी इस्राईलची आयत यावर हमखास पुढं केली जाते: गरिबीच्या भीतीनं मुलांना मारू नका. ती आयत जन्मलेल्या लेकरांच्या हत्येबद्दल आहे. निव्वळ गरिबीच्या धास्तीनं मूल टाळण्याविषयी उलेमांत मतभेद आहेत, ते मी झाकत नाही. पण आईची तब्येत आणि दूधपित्या बाळाचा हक्क या कारणांसाठी तात्पुरता उपाय करण्याला आपल्याकडच्या दारुल इफ्तांमधूनही सहसा हरकत घेतली जात नाही. हरकत असते ती कायमच्या नसबंदीला, आणि तिथंही जिवाला धोका असल्याचं जाणत्या डॉक्टरांनी सांगितलं तर मसला बदलतो. आपल्या बोलण्यात मात्र या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. "कुटुंबनियोजन" म्हटलं की डोळ्यांपुढं ऑपरेशनच येतं. पाळणा लांबवणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. या लेखात मी पहिल्याबद्दल बोलते आहे.

ही सरमिसळ आपोआप झालेली नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली, पुढं १९२७ पासून मरेपर्यंत "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं. खटले झाले, १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं होतं. कर्व्यांची सगळीच मतं आपल्या घरात पटणारी नाहीत. पण त्यांचा एक मुद्दा साधा होता: मूल कधी, हे ज्या बाईला ते पोटात वाढवायचं आहे तिनं ठरवावं. नंतर हे काम सरकारच्या हातात गेलं आणि बाईच्या इच्छेच्या जागी आकडे आले. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळानं १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी ते दिवस पाहिलेत. आरोग्यसेविका दारात दिसली की दार लोटून घेणाऱ्या दादीला अडाणी म्हणण्याआधी हे आठवावं.

पण ती भीती आजच्या सुनेच्या वाट्याला का यावी? आणि आपल्याबद्दल बाहेर जे बोललं जातं त्याच्या रागानं तरी आपण आपलं नुकसान का करून घ्यावं? देशातल्या मुस्लिम स्त्रीचं सरासरी मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये ४.४ होतं, २०१९-२१ मध्ये ते २.४ वर आलं. आपल्या घरांनी हे न बोलता, गुपचूप केलं आहे. माझी तक्रार त्या गुपचूपपणाबद्दल आहे. न बोलता केलेल्या गोष्टीत चुकीची गोळी, चुकीची वेळ आणि मेडिकलमधून आणलेलं कसलंसं पाकीट, हे सगळं येतं.

आता उपायांकडे. खाली जे सांगते ते सीपीआर, महापालिकेचं सावित्रीबाई फुले रुग्णालय किंवा गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र अशा सरकारी ठिकाणी मोफत मिळणाऱ्या साधनांबद्दल आहे. कुणाला काय चालेल ते तपासून डॉक्टरच सांगतील. तरी नावं माहीत असली की विचारायला तोंड उघडतं.

तांबीपासून सुरू करते, कारण तिच्याइतकी बदनामी दुसऱ्या कशाची झाली नाही. पोटात फिरते, काळजाकडे सरकते, नवऱ्याला टोचते, सगळं ऐकलंय. तांबी गर्भाशयाच्या बंद पिशवीत राहते. तिथून काळजाकडे जायला वाटच नाही. एक प्रकार पाच वर्षांचा आहे, एक दहा वर्षांचा. मनात येईल तेव्हा काढता येते आणि काढली की लगेच दिवस राहू शकतात. दुधावर काही परिणाम नाही. सगळ्यात महत्त्वाचं, ती बाळंतपणाच्या वेळीच, वार पडल्यावर दहा मिनिटांत किंवा पुढच्या ४८ तासांत बसवता येते. सिझेरियनमध्ये तर टाके घालण्याआधीच. ही वेळ टळली की मग सहा आठवडे थांबावं लागतं. बाळंतपणानंतर लगेच बसवलेली तांबी निसटण्याची शक्यता थोडी जास्त असते, म्हणून सहा आठवड्यांनी दाखवून यायचं. पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, पोटात दुखतं. अंगात रक्त फारच कमी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. आणि हो, तांबी असताना गुस्ल होतो का, हा प्रश्न मला कुजबुजत बऱ्याच जणींनी विचारला आहे. गुस्लमध्ये पाणी जिथं पोचवायचं असतं, तिथं तांबी नसतेच.

"अंतरा" हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. सरकारी दवाखान्यांत ते २०१७ पासून मिळू लागलं. अंगावर पाजणाऱ्या आईला सहा आठवड्यांनंतर देतात. घरात कुणाला गोळीचं पाकीट दिसत नाही, म्हणून एकत्र कुटुंबातल्या मुलींना ते सोयीचं वाटतं. पण दोन गोष्टी आधीच माहीत हव्यात. एक, पाळीचं वेळापत्रक विस्कटतं. अधूनमधून डाग दिसतात, पुढं पाळी बंदही होते. बंद झालेली पाळी म्हणजे आत साठलेलं घाण रक्त नव्हे. दोन, इंजेक्शन सोडल्यावर पुन्हा दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. सव्वा वर्षात दुसरं मूल हवं असेल तर हा उपाय तुमचा नाही.

"छाया" ही गोळी लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाली. ती पूर्वी "सहेली" नावानं मिळायची, अजूनही दुकानात मिळते. तिच्यात हार्मोन नाहीत, अंगावर पाजणाऱ्या आईला चालते. पहिले तीन महिने आठवड्यातून दोन ठरलेल्या दिवशी, नंतर आठवड्यातून एकदाच. जुमा लक्षात राहतो, तेव्हा एक वार जुमा ठेवायला हरकत नाही. पाळी लांबते, त्यानं घाबरायचं नाही. यकृताचा आजार किंवा बीजांडकोशात गाठी असतील तर ही गोळी देत नाहीत. रोजची "माला-एन" मात्र अंगावर पाजणाऱ्या आईनं पहिले सहा महिने घेऊ नये. तिच्यातल्या हार्मोनमुळं दूध कमी होऊ शकतं. जावेची उरलेली पाकिटं नणंदेनं घ्यायची, हा आपल्याकडचा काटकसरी प्रकार इथं अंगाशी येतो.

पुरुषांसाठी तात्पुरता उपाय एकच, निरोध. त्याला बाळंतपणानंतर किती दिवस थांबायचं याचं बंधन नाही, दुधाशी संबंध नाही, बाईच्या शरीरात काही जात नाही. दर वेळी वापरला तरच उपयोगी, एवढीच त्याची अट. अझ्लवर भरवसा ठेवणाऱ्या जोडप्यांना एक सांगते. शरीअतमध्ये तो जायज आहे म्हणजे तो पक्का आहे असं नाही. वर्षभर त्यावरच विसंबलेल्या शंभर जोडप्यांत साधारण वीस जणींना दिवस राहतात. तांबीत हे प्रमाण एकाहूनही कमी आहे.

डाग दिसण्याचा विषय आपल्या बायकांना जास्त बोचतो, आणि डॉक्टरला तो समजतोच असं नाही. नमाज पढायची की नाही? रोजा होईल का? या एका संभ्रमापायी चांगलं मानवलेलं इंजेक्शन सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हनफी फिकहप्रमाणे हैज कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा दिवसांचा, आणि दोन हैजांमध्ये किमान पंधरा दिवस पाकीचे. त्या बाहेरचं रक्त इस्तिहाजा धरलं जातं. त्यात नमाज माफ नाही, रोजाही होतो, वुजूचा मसला तेवढा समजून घ्यावा लागतो. कोकणातली आपली घरं शाफई. त्यांच्याकडं हैजची मर्यादा पंधरा दिवसांपर्यंत आहे, आणि नफासची चाळीसऐवजी साठ. म्हणून रत्नागिरीच्या मावशीचं उत्तर कोल्हापूरच्या भाचीला लागू पडेलच असं नाही. कॅलेंडरवर डागांच्या तारखा लिहून ठेवा आणि तो कागद घेऊन एखाद्या आलिमाला विचारा. हल्ली मुलींच्या मदरशांत शिकवणाऱ्या आलिमा आहेत, लाजायचं कारण नाही.

आता नवऱ्यांबद्दल, आणि इथं मी थोडी कडक बोलणार आहे. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशातल्या विवाहित जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेल्या शंभरात जवळपास अडतीस आहेत आणि पुरुषाचं झालेले हजारात तीन. ऑपरेशनला मी इथं सुचवत नाही, पण हे आकडे सगळ्या उपायांचं खरं चित्र सांगतात. त्रास तिनं सोसायचा, आणि नको म्हणायचा हक्क मात्र घरातल्या इतरांना. पहिली मुलगी झाली असेल तर सासूबाईंची घाई वेगळीच. ज्या २३३ व्या आयतीत दोन वर्षं दूध पाजण्याचा उल्लेख आहे, तिच्यातच पुढं येतं की दूध लवकर तोडायचं झालं तर दोघांनी एकमेकांच्या राजीखुशीनं आणि मशवऱ्यानं ठरवावं. मुलापायी आईला त्रास दिला जाऊ नये, बापालाही नाही. दूध तोडायलाही जिथं दोघांचा मशवरा सांगितला आहे, तिथं पुढच्या मुलाचा विषय एकट्या बाईनं कुजबुजत का सोडवायचा? मात्र मशवरा म्हणजे परवानगी नव्हे. नवरा बोलायलाच तयार नसेल तर सज्ञान बाईला तांबी बसवायला किंवा इंजेक्शन घ्यायला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. कुणी मागितली तर तसं स्पष्ट सांगा.

नवरा आखातात किंवा ट्रकवर असेल तर "तो येईल तेव्हा बघू" असं होतं. तो येतो, घर पाहुण्यांनी भरतं, आणि बघायचं राहून जातं. त्याच्या येण्याची तारीख कळली की त्याआधीच डॉक्टरांकडं जाऊन या. एखादे वेळी चूक झालीच तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी मिळते, जितकी लवकर तितकी चांगली. अंगावर पाजणाऱ्या आईलाही ती चालते. पण तो रोजचा उपाय नाही. आणि शंका आली तर आशाताईंकडं तपासणीचं किट मोफत असतं, ते आधी करा. गर्भ पाडायच्या गोळ्या दुकानातून आणून घरात घेऊ नका, सिझेरियन होऊन वर्ष झालं नसेल तर मुळीच नाही.

हे सगळं विचारायची वेळ कोणती? चाळीस दिवसांनंतरची नव्हे. सातव्या महिन्यात तपासणीला जाल तेव्हा. कळा सुरू झाल्यावर तांबीचा विचार कुणालाच सुचत नाही, आणि तेव्हा घाईत घेतलेली संमती ही संमतीही नव्हे. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असेल, मुलगी मिरजेला किंवा निपाणीला जाणार असेल, तर जायच्या आधी नवऱ्यानं एकदा तिच्यासोबत दवाखान्यात जावं. पुढचं मूल किती वर्षांनी हवं, हे दोघांनी डॉक्टरांसमोर बसून सांगावं. उपाय त्यावरून ठरतो. तिच्या फाइलवर ते लिहून घ्यावं, म्हणजे माहेरच्या दवाखान्यात पुन्हा पहिल्यापासून लाजत सांगावं लागत नाही. मग सहा आठवड्यांची तपासणी. डॉक्टरांचे ४२ दिवस आणि आपला चाळिसाव्याचा दिवस जवळजवळ एकच. नहाणाच्या दिवशी पाहुण्यांना जेवण घालतो, त्याच आठवड्यात बाळाचं दीड महिन्याचं डोसही असतं. एकाच रिक्षात दोन्ही कामं होतात.

अंतरा घेत असाल तर कार्डावरची पुढची तारीख मोबाइलमध्ये घालून ठेवा, आणि ती रमजानमध्ये येते का बघा. स्नायूत घेतलेल्या अशा इंजेक्शननं रोजा तुटत नाही असं बहुतेक उलेमांचं मत आहे. तरीही मन खात असेल तर ते तारखेच्या दोन आठवडे आधीही घेता येतं, म्हणजे शाबानमध्येच जाऊन या. छायाची गोळी इफ्तारनंतर.